फाटकाबाहेरचा धूर

सुलोचनाबाई बावीस वर्षं आमच्या विद्यापीठाच्या शेतीवर मुकादम होत्या, पण त्यांना तिथं कोणी कधी नेमलं नव्हतं. कापूस फुटला की शेती कचेरीतून गावात निरोप जायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तीस-बत्तीस बाया घेऊन फाटकावर उभ्या असायच्या. मी त्या कचेरीत कारकून म्हणून लागले तेव्हा हजेरीपटात त्यांच्या नावापुढे ‘मजूर’ एवढंच लिहिलेलं होतं. मी त्याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, “लिहिलं काय अन् नाई काय, बाया मलेच इचारतात नं, ताई.”

वर्ध्याहून सेलूकडे जाताना रस्त्याला लागून ही जमीन आहे, एकशे चाळीस एकर. बहुतेक कापूस आणि तूर, खोलगट भागात सोयाबीन. मागच्या अंगाला नाला, आणि नाल्यापलीकडे गावाचं गायरान. सुलोचनाबाईंचं घर त्याच गावात.

उंच, अंगानं वाळलेल्या, साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला दुपट्टा. माहेर रोहण्याचं, वडिलांचा तेलाचा धंदा. सासरी किराण्याचं दुकान. दुकानदाराच्या घरची बाई दुसऱ्याच्या वावरात वेचायला जाते, हे सुरुवातीला नातेवाइकांना फार झोंबलं. पण त्यांचे यजमान प्रभाकरराव अर्धांगवायूनं आजारी पडले, एक हात गेला, आणि दुकानात जेमतेम बसून राहण्यापुरते ते उरले. तेव्हा सुलोचनाबाई धाकट्या जावेला, कमलाला, घेऊन कापूस वेचायला निघाल्या. कमलाचा नवरा नागपूरला ट्रकवर. महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा. दोघी जावांच्या चुली वेगळ्या, पण अंगण एकच होतं.

बाया त्यांचं ऐकायच्या ते पऱ्हाटीमुळे, असं मला वाटतं. फेब्रुवारीत शेवटचा वेचा झाला की कापसाची वाळलेली झाडं मुळासकट उपटायची असतात. त्यांना आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. लोखंडी चिमट्यानं उपटता उपटता दुपारपर्यंत तळहात सोलून निघतात. आमच्या शेतीवर जुना रिवाज होता, की जी बाई जेवढ्या ओळी उपटेल तेवढी पऱ्हाटी तिची. तेच तिच्या चुलीचं वर्षाचं जळतन. ओळी वाटून द्यायचं काम सुलोचनाबाईंचं. ज्या घरात खाणारी तोंडं जास्त, तिला मधल्या लांब ओळी. म्हातारीला, बाळंतिणीला बांधाकडच्या आखूड. स्वतःसाठी उरतील त्या. इतक्या वर्षांत त्या वाटणीवरून भांडण झाल्याचं मी पाहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी विद्यापीठानं ठरवलं, की आपल्या शेतजमिनीतून हवेत जाणारा कार्बन निम्म्यावर आणायचा. काम शरयू मॅडमकडे आलं. त्या मातीच्या शास्त्राच्या प्राध्यापक, वर्ध्यातच वाढलेल्या. बाई कष्टाळू आणि सरळ. उन्हात स्वतः मातीचे नमुने काढायच्या, डबा बांधावर बसून खायच्या. त्यांनी युरिया निम्म्यावर आणला, ट्रॅक्टरच्या फेऱ्या कमी केल्या, पालापाचोळा पेटवणं बंद केलं. मग त्यांचं लक्ष पऱ्हाटीकडे गेलं.

“पऱ्हाटी जाळून राख झाली, की तिच्यातलं सगळं हवेत जातं,” त्यांनी एकदा बायांना समजावून सांगितलं. “पण तिचा कोळसा करून मातीत मिसळला, तर निम्मं तरी मातीतच राहतं. शंभर वर्षं.”

बाकीच्या बाया नुसत्या ऐकत होत्या. सुलोचनाबाईंनी विचारलं, “अन् माती? मातीले त्याचं काई होते का?”

“भुसभुशीत होते. पाणी धरून ठेवते.”

“मंग करा नं, मॅडम. ह्या वावराची माती दहा वर्षांपासून दगडावानी होऊन राह्यली. खुरपं आत जात नाई.”

भट्ट्या आल्या. पत्र्याच्या, खाली निमुळत्या, वर रुंद. पहिले आठ दिवस नुसता धूर आणि खाली राख. मॅडमचे विद्यार्थी वही घेऊन भोवती उभे राहायचे. नवव्या दिवशी सुलोचनाबाई पदर खोचून पुढे झाल्या. पस्तीस वर्षं चूल सांभाळलेली बाई. त्यांनी आधी बारीक काड्यांचा जाळ केला आणि त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. “काडीवर पांढरी राख चढाले लागली का लगेच वरून दुसरा थर टाका,” त्या म्हणाल्या. “राख होऊच द्याची नाई. हवा वरच्या थरानं खाल्ली पाह्यजे.” संध्याकाळी पाणी मारून भट्टी उलटी केली, तर काळाभोर, खणखणीत कोळसा पडला. शरयू मॅडमनी तो हातात घेऊन मोडला आणि खुशीत हसल्या.

त्या वर्षी सुलोचनाबाईंना नेमणुकीचं पत्र मिळालं. भट्टीप्रमुख. महिन्याचा बांधलेला पगार. पत्र मीच टाइप केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “बावीस वर्षांनी हुद्दा आला. तोही जाळाचा.”

पहिल्या वर्षी चाळीस एकरांचीच पऱ्हाटी भट्टीत गेली; बाकीची बायांनी नेली. कोणाचंच काही बिघडलं नाही. बिघडलं दुसऱ्या वर्षी. विद्यापीठाच्या दाव्याची तपासणी करायला बाहेरची माणसं आली, त्यांनी कागद पाहिले आणि विचारलं, उरलेली पऱ्हाटी कुठं जाते? बाया नेतात, असं सांगितल्यावर त्यांनी अहवालात एक शब्द लिहिला: गळती.

त्यानंतर मला नोटीस टाइप करायला मिळाली. विद्यापीठाच्या शेतातील कोणताही पिकावशेष फाटकाबाहेर नेण्यास सक्त मनाई आहे. नेणाऱ्याचं नाव नोंदवून त्या हंगामापुरतं काम बंद. पुढे वरिष्ठांची सही, आणि ‘अंमलबजावणी: भट्टीप्रमुख’.

सुलोचनाबाईंनी कागद हातात धरून विचारलं, “पिकावशेष म्हंजे पऱ्हाटीच नं?”

“हो.”

“सप्पा?”

“हो, सगळी.”

आमच्या घरी माझ्या जन्माच्या आधीपासून गॅस आहे. त्या ओळी टाइप करताना कोणाची चूल माझ्या डोळ्यांपुढे आली नव्हती. ती आत्ता, त्यांचा चेहरा पाहून आली.

त्या तशाच उठून शरयू मॅडमकडे गेल्या. मी मागोमाग गेले.

“मॅडम, बायांनी वर्षभर कायच्यावर रांधावं?”

“गॅस आहे ना बहुतेकींकडे?”

“टाकी हाये. कोपऱ्यात उभी हाये, रिकामी. पाहुणा आला तं भरून आणतात.” त्यांनी मॅडमच्या टेबलावरच्या वहीकडे बोट केलं. “मी एक इचारतो. आमच्या चुलीचा धूर तुमच्या वहीत हाये का?”

मॅडमनी वहीची पानं उलटली. मग म्हणाल्या, “नाही. वहीत फक्त विद्यापीठाच्या जमिनीचं असतं. फाटकाबाहेरचं आपल्या सीमेत येत नाही.” हे बोलतानाच त्यांना ते खटकलं होतं, कारण त्यांनी लगेच वही मिटली. “मी सुधारित चुलींचा प्रस्ताव टाकला आहे, सुलोचनाबाई. गोबरगॅसचाही. मंजूर होईल.”

“कधी?”

“या वर्षात.”

प्रस्ताव त्या वर्षात मंजूर झाला नाही.

बायांना सांगायचं काम सुलोचनाबाईंचं होतं. फाटकाजवळच्या निंबाखाली त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि नोटीस वाचली. कोणी ओरडलं नाही. एक म्हातारी म्हणाली, “मंग आमी उपटावं अन् घरी रिकाम्या हातानं जावं म्हंता?” कमला सर्वांत मागे बसली होती. ती म्हणाली, “जाऊबाई, तुमाले तं पगार लागला. आमाले काय लागलं?” सुलोचनाबाईंनी नोटिशीची घडी घातली आणि फाटकाकडे गेल्या.

काम सोडावं असं त्यांच्या मनात आलं होतं. मला म्हणाल्या, “मी सोडलं तं हे लोक बाहेरचा माणूस आणतीन. थो बायांले काठीनं हाकलन. मी हाये तं निदान बोलता येते.” प्रभाकररावांच्या औषधांचंही होतं, ते त्या बोलल्या नाहीत, पण मला माहीत होतं.

पहिल्या आठवड्यात दिपाली नावाची एक नवी बाई डोक्यावर पऱ्हाटीचा भारा घेऊन सरळ फाटकातून निघाली. तिला नोटीस नीट कळलीच नव्हती. अंगावरचं मूल होतं. सुलोचनाबाईंनी भारा उतरवून घेतला, नाव लिहू दिलं नाही, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “हे पयलं अन् शेवटचं. याच्यानंतर कोणी का असंना, नाव लिहिन.”

चारच दिवसांनी संध्याकाळी पाचच्या सुमाराला फाटकावरच्या रूपराव चौकीदारानं हाक मारली, “मुकादमबाई, याहो जरा!” आम्ही दोघी कचेरीतून बाहेर आलो. कमला उभी होती, डोक्यावर गवताचा भारा. रूपरावनं काठी खुपसून पाहिली होती आणि काठी आत टणक लागली होती.

“कमला, भारा खाली ठेव,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

“गवत हाये, जाऊबाई. बकरीले.”

“ठेव म्हंतो नं.”

कमलानं भारा टाकला. दोरी सुटली, आणि गवताच्या आतून पऱ्हाटीच्या काड्या घरंगळल्या. फार नव्हत्या. दोन दिवसांचा स्वयंपाक झाला असता. मागून येणाऱ्या बाया थांबल्या.

“दिपालीचा भारा उतरवला तवा तू इथंच उभी होती,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

“दिपाली परकी हाये. मी घरची हाओ.”

“म्हणूनच तं.” मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “इलाताई, नाव लिहा.”

मी वही उघडली नाही. वाटलं, कोणीतरी काहीतरी बोलेल, रूपराव तरी. त्यांनी पुन्हा म्हटलं, “लिहा, ताई.” मी लिहिलं. कमलानं दोरी उचलली, कमरेला गुंडाळली आणि गेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणाच्या मधोमध जुन्या साड्यांचा आडोसा बांधलेला होता.

काम बंद झालं, पण कमलाची चूल बंद होऊ शकत नव्हती. दोन मुली शाळेत जाणाऱ्या, सकाळी डबे. ती नाल्यावर जायला लागली. ती एकटी नाही. बऱ्याच बाया जात होत्या. नाल्याच्या काठाला गावाच्या जुन्या बाभळी होत्या, तीस-चाळीस वर्षांच्या. आधी बायांनी वाळलेल्या फांद्या नेल्या. त्या संपल्यावर ओल्या तोडल्या. मग बुंधे. ओल्या बाभळीचा धूर डोळ्यांना इतका झोंबायचा, की संध्याकाळी गावातून जाताना सगळी घरं रडत असल्यासारखी वाटायची, असं सुलोचनाबाईच म्हणाल्या. त्या रोज सकाळी तिकडून येत होत्या. तुटलेले बुंधे मोजत होत्या. मला आकडा सांगायच्या आणि भट्टीवर जायच्या. तिथं पऱ्हाटीचे डोंगर रचलेले असायचे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, कमला नाल्याच्या दरडीवर उभी राहून फांदी ओढत होती. दरड ढासळली. ती खाली कोरड्या पात्रात दगडांवर पडली. खुब्याचं हाड मोडलं.

भट्टीवर निरोप आला तेव्हा सुलोचनाबाईंच्या हातात झारी होती. त्यांनी आधी भट्टी विझवली, मग निघाल्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, हाडाला धातूची पट्टी बसवली. बारा दिवस कमला तिथं होती, आणि बाराही रात्री सुलोचनाबाई तिच्या खाटेखाली चटई टाकून राहिल्या. शौचाचं भांडं द्यायच्या, अंग पुसायच्या, वेणी घालायच्या. कमला करू द्यायची, पण बोलायची नाही. मी भेटायला गेले तेव्हा माझ्याशी बोलली, नर्सशी बोलली, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी हसलीसुद्धा.

बाहेर व्हरांड्यात सुलोचनाबाई मला म्हणाल्या, “मी चुकली का, ताई?”

मी म्हटलं, तुम्ही नियमानं वागलात.

“थे मले माईत हाये,” त्या म्हणाल्या. “मी इचारून राह्यली थे वेगळं.”

मे महिन्यात तपासणीची माणसं पुन्हा आली, पुण्याहून, दोघं जण. या वेळी सगळं चोख होतं. कोळशाची पोती, वजनाच्या नोंदी, रिकामं फाटक. विद्यापीठाच्या मोठ्या साहेबांसकट आम्ही सगळे भट्टीजवळ उभे. पुण्याच्या दोघांतल्या एकानं सुलोचनाबाईंना विचारलं, “मावशी, बाहेर काही जातं का?”

“विद्यापीठाच्या फाटकातून एक काडी जात नाई, साहेब.”

“शाबास.”

“चला, एक गोष्ट दाखवतो.”

मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. पण सुलोचनाबाई चालायला लागल्या होत्या, आणि त्यांच्या मागे शरयू मॅडम निघाल्या, म्हणून सगळ्यांनाच निघावं लागलं. वावरातून, बांधावरून, नाल्यापर्यंत. उन्हात बुंधे पांढरे दिसत होते. “त्रेसष्ट,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “मोजून घ्या.”

तपासणीच्या साहेबानं विचारलं, “ही जमीन विद्यापीठाची आहे?”

“नाई. गावाची.”

“मग ही आमच्या तपासणीत येत नाही, मावशी. सीमेबाहेर आहे.”

“साहेब, बाया त्याच हायेत. फाटकाच्या आत पऱ्हाटी उपटते थेच बाई इथं बाभूळ तोडते. तिले कुठं सीमा हाये?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “माह्या घरची बाई इथं पडली. ह्या दरडीवरून.”

शरयू मॅडमनी पर्समधून मोजपट्टी काढली, खाली बसल्या आणि पहिल्या बुंध्याचा घेर मोजून वहीत लिहिला. मग दुसऱ्याचा. मोठे साहेब “मॅडम, पाहुण्यांचं जेवण थांबलंय” म्हणाले. पाहुणे परत गेले. मॅडम आणि सुलोचनाबाई दुपारी तीनपर्यंत तिथंच होत्या. एकीनं पट्टी धरली, दुसरीनं लिहिलं.

मॅडमनी तो अहवाल बैठकीत ठेवला. त्यांचं म्हणणं असं होतं, की बाभळी हिशेबात धरल्या तर आपण वाचवलेल्या कार्बनचा मोठा भाग खोटा ठरतो. पन्नास एकरांची पऱ्हाटी बायांना परत द्या, चुली द्या, आणि मगच उरलेल्याचा कोळसा करा. चर्चा बरीच झाली. शेवटी तीस एकर मंजूर झाले, चुली ‘पुढील टप्प्यात’. दोन महिन्यांनी प्रकल्प दुसऱ्या प्राध्यापकांकडे गेला आणि शरयू मॅडम वर्गावर परतल्या. कारण कुठं लिहिलेलं नाही. विद्यापीठाच्या वार्षिक पुस्तिकेत आकडा जुनाच छापला, बाभळींशिवायचा. तेही पान मीच टाइप केलं.

सुलोचनाबाईंना कोणी काढलं नाही. त्या अजून भट्टीवर आहेत. कोळशाचं काम त्यांना मनापासून पटतं. ज्या चाळीस एकरांत पहिला कोळसा गेला तिथं खुरपं आत जायला लागलं आहे, हे त्या येणाऱ्या प्रत्येकाला हातानं माती उकरून दाखवतात.

या फेब्रुवारीत नाल्याकडच्या तीस एकरांची पऱ्हाटी बायांसाठी मोकळी झाली. ओळी वाटायला बायांनी सुलोचनाबाईंनाच बोलावलं. त्या म्हणाल्या, “कमलाले सांगा. थे बसल्या जागी वाटन.” बाया कमलाच्या घरी गेल्या. ती वॉकर धरून दारात आली आणि म्हणाली, “मले कोनाची मेहरबानी नोको.” तेव्हा दिपालीनं वाटणी केली. ती या कामात नवी असल्यामुळे पहिल्याच दिवशी ओळींवरून दोन बायांचं भांडण झालं.

तीस एकर बत्तीस घरांना पुरत नाहीत. दिवाळीपर्यंत जाईल, असं बाया म्हणतात. नाल्यावर आता तोडण्यासारखं फारसं उरलेलं नाही; त्या पलीकडच्या गायरानात जातात.

कमलाच्या वाटणीच्या ओळी सुलोचनाबाई स्वतः उपटतात, भट्टीचं काम संपल्यावर. भारा नेऊन आडोशाच्या पलीकडे ठेवतात आणि परत येतात. आडोसा अजून तसाच आहे. मागच्या आठवड्यात मी विचारलं, “बोलली का काही?”

“नाई,” त्या म्हणाल्या. “पण भारा उचलून आत नेते.” आणि झारी भरायला हौदाकडे गेल्या, कारण भट्टीतल्या शेवटच्या थरावर पांढरी राख चढायला लागली होती.